गुलाबी नाकाचा तोतया

"हा आमचा कुत्रा नाही."

फौजदार बाई फाटकातून आत शिरल्या तेव्हा हे वाक्य त्यांच्या कानावर पडलं, आणि पुढच्या काही मिनिटांत ते इतक्या वेळा पडलं की रात्री स्वप्नातही ऐकू येणार याची त्यांना खात्री पटली.

कुत्र्यांचं होस्टेल होतं ते. नुकतंच धुतलेलं अंगण, फिनेलचा डोकं उठवणारा वास, दोन्ही बाजूंना जाळीच्या खोल्या आणि प्रत्येक जाळीमागे एक भुंकणारं तोंड. बाईंना मुळात कुत्री आवडत नसत. त्यातून सराफाच्या दुकानातल्या दरोड्याचा तपास आज आपल्याकडे येणार म्हणून त्या कडक इस्त्रीचा गणवेश घालून चौकीत आल्या होत्या. साहेबांनी तो तपास दुसऱ्याला दिला आणि यांना म्हणाले, "तुम्ही जरा त्या कुत्र्याच्या भानगडीचं बघून या." तेव्हा डोक्यात गेलेली तिडीक अजून उतरली नव्हती.

अंगणाच्या मधोमध एक भलामोठा हस्की उभा होता. पाठ राखाडी, तोंड पांढरं, नाक गुलाबी, ओठ गुलाबी, डोळे निळसर. उन्हात डोळे किलकिले करून, शेपूट पायांत घालून तो उभा होता.

"आणि हा आमचा," कुत्र्याच्या मालकिणीने फोन बाईंच्या तोंडासमोर धरला. फोटोतल्या हस्कीचं नाक कोळशासारखं काळं होतं. ओठ काळे, तोंडावर गडद पट्टे, डोळे तपकिरी. आणि डोळ्यांच्या कडा अशा काळ्याभोर, की कुणीतरी त्याला मांडीवर घेऊन काजळ घातलं असावं. "म्हणून तर काजळ्या नाव ठेवलं. आता या डोळ्यांत तुम्हाला कुठे काजळ दिसतंय का, सांगा."

दिसत नव्हतं.

हकीकत साधी होती. मालकिणीचा नवरा काचेच्या कारखान्यात कायम रात्रपाळीला. कंपनीने त्याला तीन महिन्यांसाठी दुसऱ्या गावी नवी भट्टी लावायला पाठवलं. राहायची जागा कंपनीची, तिथे कुत्र्याला मनाई. बायको आणि मुलगी बरोबर गेल्या, काजळ्या इथे राहिला. काल कुटुंब परतलं, नवरा रात्री लगेच पाळीवर गेला, आणि आज सकाळी तो येऊन झोपल्यावर मायलेकी कुत्र्याला न्यायला आल्या होत्या.

"फक्त रंगावरून म्हणताय का?" बाईंनी विचारलं.

"रंगावरून कशाला? हे बघा." मालकीण कुत्र्यासमोर उभी राहिली. तोंडातून शब्द न काढता तिने तळहात हवेत धरून खाली आणला. कुत्रा उभाच. तिने बोट स्वतःकडे वाकवलं. कुत्रा हलला नाही.

"आमच्या घरात दिवसा कुणी मोठ्याने बोलत नाही," ती म्हणाली. "हे झोपलेले असतात. लेकीचा अभ्यास, माझं काम, भांडणसुद्धा कुजबुजत. काजळ्याला मी पिल्लू होता तेव्हापासून हाताच्या खुणांवर वाढवलाय. हाका मारल्यावर काय हो, कुठलाही कुत्रा येईल. खुणा फक्त आमच्याला कळतात. आणि या ठोंब्याला त्यातली एकही कळत नाही."

तिची लेक, आईच्या खांद्याला लागलेली, रडून लाल झाली होती. तिला बिचारीला कुणी का असेना, कुत्रा हवा होता. ती पुढे झाली आणि तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कुत्रा दचकला, गर्रकन वळला आणि त्याचे दात हवेत वाजले. आईने मुलीला मागे ओढलं.

"बघितलंत? आमचा काजळ्या हिच्या अंगावर जाईल? हिच्या पलंगाखाली झोपायचा तो."

होस्टेलवाला इतका वेळ हात जोडून उभा होता. "वहिनी, कशाचीही शपथ घालाल ती घेतो. तुम्ही सोडून गेलात तोच हा."

"कातडीखाली चिप बसवली होती का?" बाईंनी विचारलं.

"बसवू बसवू म्हणत राहून गेलं," मालकीण म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज उतरला.

ती लेकीला घेऊन तक्रार नोंदवायला निघून गेली. होस्टेलवाल्याने कुत्र्याचा पट्टा सोडला. तो भिंतीला अंग घासत घासत आपल्या खोलीत गेला, आणि खिडकीतल्या उजेडाकडे पाठ करून, तोंड कोपऱ्यात घालून पडला. बाईंना हे दिसलं. कुत्रासुद्धा या लोकांना विटला असणार, एवढाच अर्थ त्यांनी काढला.

*

होस्टेलवाल्याच्या खोलीत बसायला एक खुर्ची होती आणि तिच्यावर मांजर होतं. बाईंनी उभ्यानेच सुरुवात केली.

"मालकिणीला फोटो पाठवायचं ठरलं होतं?"

"दर रविवारी एक."

"मग हे काय आहे?" मालकिणीच्या फोनवरचे फोटो बाईंनी आपल्या फोनवर मागवून घेतले होते. सुरुवातीचे झकास होते, जीभ बाहेर काढलेले. त्यानंतर कुत्र्याची पाठ, मग एक कान, मग परत पाठ. एका फोटोत तर शेपूट आणि बादली एवढंच होतं.

"तो तोंड फिरवायचा, मॅडम. फोन समोर धरून दिवा लावला की फिरलाच."

"जगातली सगळी कुत्री फोटो काढून घेतात. यालाच लाज वाटायला लागली?"

"मधे डोळे आले होते त्याचे. डॉक्टरांनी फोनवरच थेंब सांगितले. बरे झाले, परत आले."

"हे मालकिणीला कळवलंत?"

"डोळे आल्याचं काय कळवायचं? माणसांचे येतात, कुत्र्यांचे येतात."

"नाक पहिल्यापासून असंच होतं?"

होस्टेलवाल्याने मांजराकडे बघितलं. "आता नेमकं लक्षात नाही."

रोज ज्याला दोन वेळा खायला घालतो त्याच्या नाकाचा रंग लक्षात नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. बाईंनी पुढचा प्रश्न मुद्दाम सावकाश विचारला.

"या तीन महिन्यांत दुसरा हस्की आला होता तुमच्याकडे?"

होस्टेलवाल्याने मान डोलावली. आला होता, काही दिवसांसाठी. एका बड्या कापड व्यापाऱ्याचा. होय, काळ्या नाकाचा.

बाईंच्या डोक्यात चित्र पूर्ण झालं. दोन सारखे कुत्रे, एक गबाळा होस्टेलवाला, परत देताना झालेली अदलाबदल आणि मग निस्तरता येईना म्हणून कुठून तरी आणून उभा केलेला हा तिसरा गुलाबी प्राणी. त्या चौकीत परतल्या त्या जवळजवळ खुशीत. दरोडा नाही तर नाही, निदान हे तरी झटपट निकालात निघेल असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला. होस्टेलच्या कुत्र्यांना तेच बघत.

"तुमचं ते चालू द्या," ते म्हणाले, "पण त्या हस्कीचे डोळे मला ठीक दिसत नाहीत. वरवर लाल आहेत असं नाही, आत सूज आहे. थेंबांनी भागायचं नाही. मोठ्या दवाखान्यात नेऊन, भूल देऊन तपासायला हवेत. त्यासाठी मालकाची सही लागते. कोण करणार?"

बाईंनी मालकिणीला विचारलं. ती म्हणाली, त्या कुत्र्याशी माझा काय संबंध? माझा कुठे आहे ते आधी सांगा. बाईंनी होस्टेलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मी सही केली, उद्या याचा खरा मालक उगवला, आणि भुलीत कुत्र्याचं बरंवाईट झालं तर? माझ्याच गळ्यात येईल.

"मॅडम, मुद्देमाल म्हणून आपण सही करू शकतो का?" हवालदाराने विचारलं. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा सांगायला निघून गेला. पण त्यांनी वर फोन करून विचारलं. वरून उत्तर आलं की नियम बघून कळवतो.

कुत्रा दोघांच्या मध्ये लोंबकळत राहिला, आणि त्याचे डोळे कुणाच्याच मालकीचे नव्हते.

*

कापड व्यापाऱ्याच्या बंगल्यात शिरायला त्यांना आठवडा लागला. आधी व्यापारी गावाला गेला होता. मग तो आला तर त्याचा वकील गावाला गेला. मग वकील म्हणाला, माझ्या अशिलाच्या कुत्र्यावर संशय घेणं ही बदनामी आहे. बाईंच्या नाकीनऊ आले. रोज डॉक्टरांचा फोन, रोज मालकिणीची चौकीत फेरी, आणि रोज साहेबांचा मिस्किल प्रश्न, "काय, सापडला का गुन्हेगार? भुंकतो का?"

शेवटी एकदाचं फाटक उघडलं. हिरवळीवर एक देखणा हस्की बसला होता, काळ्याभोर नाकाचा. बाईंबरोबर आलेली मालकीण पुढे धावली.

"हाच. हाच माझा."

तिने तळहात वर धरून खाली आणला. हस्की मुकाट्याने बसला. तिने बोट वाकवलं. तो उठून तिच्याकडे आला आणि तिच्या पायाशी लोळला. मालकीण गुडघ्यांवर बसून हमसाहमशी रडू लागली. व्यापारी लालबुंद झाला, वकिलाने चष्मा काढून पुसला. फौजदार बाईंनी कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे विजयाने बघितलं.

हवालदार लोळणाऱ्या कुत्र्यापाशी वाकला होता. तो बाईंच्या कानाशी येऊन अगदी हळू म्हणाला, "मॅडम, ही कुत्री आहे."

सगळे जीपने परत निघाले. शिकवलेलं कुठलंही कुत्रं हात खाली केला की बसतं, हे वकिलाने जाताना फार गोड आवाजात समजावून सांगितलं होतं. मालकीण खिडकीबाहेर बघत बसली होती. तिचा शेवटचा धागा तुटला होता, आणि तो आपणच तिच्या हातात दिला होता याचा बाईंना संताप येत होता. कुणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून त्या हवालदारावर गाडी नीट न चालवल्याबद्दल खेकसल्या.

चौकीत पाय ठेवतात तोच डॉक्टरांचा फोन वाजला. यावेळी ते चिडून बोलत नव्हते, आणि बाईंना तेच जास्त लागलं.

"उजवा डोळा हातचा गेला असं समजा," ते म्हणाले. "डावाही त्याच वाटेवर आहे. तुमचा मालक सापडेल तेव्हा सापडेल."

*

बाई तशाच होस्टेलवर गेल्या, एकट्या. काय बघायला जातोय हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. फक्त चौकीत बसवेना.

खाण्याची वेळ होती. होस्टेलवाला खोल्यांची दारं उघडून ताटल्या ठेवत होता. गुलाबी नाकाचा हस्की भिंतीच्या कडेने बाहेर आला, नेहमीच्या वाटेने वळला आणि नेहमीच्या जागी नसलेल्या बादलीवर धाडकन आदळला. बादली त्याच्यासमोर होती. भर उजेडात, लाल रंगाची. तो घाबरून मागे सरला आणि थरथरत उभा राहिला.

बाई जागच्या जागी थांबल्या. त्या बादलीकडे बघत राहिल्या, मग कुत्र्याकडे. मग त्यांनी त्याच्यासमोर जाऊन, काही न बोलता, तळहात हवेत वर धरला. खाली आणला.

कुत्र्याचे डोळे हाताबरोबर हललेच नाहीत.

"मूर्ख," त्या पुटपुटल्या. कुत्र्याला नव्हे.

आता त्यांची नजर सावकाश सगळ्या अंगणातून फिरली. सगळ्या कुत्र्यांची खायची भांडी प्लास्टिकची होती, निळी. एकाचंच स्टीलचं होतं, नवं कोरं.

"याचंच भांडं स्टीलचं का?" त्यांनी विचारलं.

"असंच. होतं घरात."

"मी आज कुठून आलेय आणि माझं डोकं कसं झालंय याची तुम्हाला कल्पना नाही. परत विचारते. याचंच भांडं का बदललंत?"

होस्टेलवाला मटकन ओट्यावर बसला.  मग त्याने खिशातून फोन काढला, कुणाला कधीच न पाठवलेला एक फोटो शोधला आणि मान खाली घालून पुढे केला.

बाईंनी तो फोटो पाहिला. मग मोठा करून पाहिला. मग डॉक्टरांना फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला.  मग डॉक्टर म्हणाले, "आलोच."

दुसरा फोन त्यांनी मालकिणीला केला. "उद्या सकाळी सगळे या. या कुत्र्याला अजून न बघितलेला तुमच्या घरातला एक माणूस आहे, त्यालाही आणा. झोप नंतर काढू दे त्याला."

*

सकाळी अंगणात सगळे जमले. मालकीण आणि तिची लेक फाटकाशी. नवरा पाळीवरून तसाच आलेला, भट्टीच्या धगीने तांबरलेला, डोळ्यांत झोप. होस्टेलवाला कोपऱ्यात, हवालदार बाईंच्या मागे. डॉक्टर हस्कीजवळ, हातात पेटी. रात्रीच येऊन त्यांनी कुत्र्याला तपासलं होतं, पण सहीविना जालीम औषध द्यायला हात धजावला नव्हता.

"काजळ्या कुठे आहे, ते मला कळलंय," फौजदार बाई म्हणाल्या. "आणि त्याला कुणी पळवलं तेही. पण आधी तुम्हाला तुमच्या चुका सांगते. माझीही सांगते, ती सगळ्यांत मोठी."

त्या मालकिणीकडे वळल्या. "तुम्ही तीन महिन्यांनी आलात. तुम्हाला रंग दिसला. काळं नाक गुलाबी, काळे ओठ गुलाबी. असं एकदम बघितल्यावर कुणीही म्हणेल, हा दुसरा कुत्रा. तुम्ही त्याची परीक्षा घेतलीत, खुणांची. तो नापास झाला. का झाला?"

"कारण तो आमचा नाही."

"कारण त्याला दिसत नाही. हात वर केला काय, खाली केला काय, त्याच्यासमोर धुकं आहे. डोक्यावर हात पडला तेव्हा तो कुठून आला हे त्याला कळलंच नाही, म्हणून दात वाजवले. भिंतीला अंग घासत चालतो, उजेडाकडे पाठ करून पडतो, फोनचा दिवा लागला की तोंड फिरवतो, कारण उजेडाने डोळे दुखतात. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी कापड व्यापाऱ्याची कुत्री हुडकत फिरले."

 मालकिणीची लेक कुत्र्याकडे बघत होती.

"डॉक्टरांना फक्त डोळे दिसले. त्यांनी काजळ्याला आधी कधी बघितलंच नव्हतं. गुलाबी नाक त्याचं जन्मापासूनचं असेल असं ते धरून चालले."

"कित्येक हस्कींचं असतं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

"आणि हे महाशय. यांनी रंगही बघितला, डोळेही बघितले. पण रोज थोडं थोडं. एक दिवस यांना दिसलं की नाकाचं काळं कातडं निघतंय. यांना वाटलं प्लास्टिकचं भांडं घासून निघालं. मालक बोल लावतील म्हणून भांडं बदललं आणि तोंडाला कुलूप घातलं. पाठमोरे फोटो तेवढे पाठवले. हा एक पाठवला नाही."

त्यांनी फोन सगळ्यांसमोर धरला. काजळ्याचा पट्टा गळ्यात, समोरून घेतलेलं तोंड. नाकाचा अर्धा भाग काळा, अर्धा गुलाबी. एका डोळ्याची कड काजळ घातल्यासारखी आणि दुसऱ्याची अर्धी पुसलेली.

"कुत्रा बदलला असता तर नाकही एकदम बदललं असतं," बाई म्हणाल्या. "अर्धं नाक कुणी बदलत नाही. मी डॉक्टरांना एवढंच विचारलं, की नाकाचा रंग घालवणारी आणि डोळ्यांना सूज आणणारी एकच गोष्ट असू शकते का?"

डॉक्टरांनी पेटी खाली ठेवली. "असते. क्वचित असते, पण हस्कीसारख्या काही जातींत असते. आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात ना, त्यांचंच डोकं फिरतं. अंगातला काळा रंग ज्या पेशींत असतो, त्यांना त्या शत्रू समजून मारत सुटतात. नाक, ओठ, पापण्या, तोंडावरचे केस. आणि काळा रंग डोळ्याच्या आतही असतो. कातडीवर नुसता रंग जातो, डोळा मात्र आधी निळसर पडतो आणि मग नजर जाते. सुरुवातीला नुसते डोळे आल्यासारखं वाटतं. रंग जाताना बघितला असता तर त्याच दिवशी मनात आलं असतं. ओठाचा बारीक तुकडा तपासून खात्री करायची, पण मला आता शंका नाही."

"म्हणजे घरचेच पोलीस घरच्यांना मारतात," हवालदार म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," बाई म्हणाल्या.

मालकिणीचा नवरा पुढे आला. त्याने कुत्र्याकडे बघून सवयीने बोट वाकवलं. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचा हात तसाच खाली पडला.

"जवळ जा," बाई म्हणाल्या. "वरून हात लावू नका. खाली बसा, हात पुढे धरा आणि थांबा."

तो ओल्या फरशीवर बसला. कुत्र्याचं नाक हललं. मान लांब झाली. गुलाबी नाक त्या भाजलेल्या, काचेच्या भुकटीने खरखरीत झालेल्या तळव्यावर टेकलं, मनगटावर फिरलं, बाहीत शिरलं. मग तो मोठा प्राणी एक विचित्र, बारीक आवाज काढत त्या माणसाच्या पोटात डोकं खुपसून उभा राहिला, आणि त्याची शेपूट हलायला लागली, आधी जरा घाबरत आणि मग अंगासकट.

"काजळ्याच आहे ग," नवरा बायकोला म्हणाला. दिवसाउजेडी तो एवढ्या मोठ्याने बोलल्याचं त्या दोघींनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असेल.

मालकिणीने फाटकाशी उभ्या जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली.  डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन भरलं. ते देताना ते सांगत गेले, थेंब कसे घालायचे, गोळ्या बहुधा जन्मभर लागतील, रंग परत येईल न येईल, त्याची फिकीर करायची नाही. डाव्या डोळ्याची अजून आशा आहे. उजव्याची नाही.

"मी त्या दिवशीच घरी नेला असता तर?" मालकिणीने विचारलं.

लोकांनी खरं बोलावं म्हणून फौजदार बाईंनी उभ्या नोकरीत टेबलावर मुठी आपटल्या होत्या. या वेळी मात्र समोरच्या माणसाने थाप मारावी असं त्यांना मनापासून वाटलं.

"तर बहुतेक दोन्ही डोळे राहिले असते," डॉक्टर म्हणाले.

होस्टेलवाला तोंडावर हात घेऊन भिंतीकडे वळला. बाईंना त्याच्यावर ओरडायचं होतं, पण जे त्याला ऐकवायचं तेच त्यांना स्वतःलाही ऐकवावं लागलं असतं. त्याने आठवडे लपवण्यात घालवले होते आणि त्यांनी आठवडा बंगल्याच्या फाटकावर घालवला होता. गुन्हेगार सापडला होता आणि बेड्या घालायला हात कुणाचेच नव्हते. एवढा वांझ राग त्यांना यापूर्वी कधी आला नव्हता.

मुलगी बापाशेजारी येऊन बसली होती. तिने हात पुढे धरला होता आणि काजळ्या तो चाटत होता, पुन्हा पुन्हा, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी आम्ही आलो आणि याला इथेच टाकून परत गेलो. ते याला कळलं असेल का?"

आई फाटकाशी उभी होती. तिने मान वर केली नाही, पण ती ऐकत होती. डॉक्टर इंजेक्शनची सुई पुसायला लागले. कुत्र्याचे कान शाबूत होते, नाक शाबूत होतं, आणि त्या दिवशी मालकीण या अंगणात किती वेळ आणि किती मोठ्याने बोलत होती ते फौजदार बाईंनी स्वतः ऐकलं होतं.

"नाही ग," बाप म्हणाला. "त्याला दिसत नव्हतं ना. त्याला कसं कळणार?"

मुलीने बाईंकडे बघितलं. त्यांच्या अंगावर गणवेश होता, म्हणून बघितलं असेल.

"नाही कळलं त्याला," फौजदार बाई म्हणाल्या.